प्रश्न मुलाला, उत्तर मुलाचेच

आपल्या बडोद्यातील मराठी घरांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १८७५ साली येथील गादीसाठी दत्तकपुत्राची निवड व्हावयाची होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून काही मुले येथे आणण्यात आली. 'तू येथे कशासाठी आला आहेस?' असे त्यांना विचारण्यात आले. बारा वर्षांचा गोपाळ 'राज्य करायला' असे म्हणाला आणि तोच पुढे महाराज सयाजीराव गायकवाड झाला. या आख्यायिकेत इतिहास किती आणि भक्ती किती, हे जाणकारांनी ठरवावे. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला त्यातील एकच गोष्ट मोलाची वाटते : प्रश्न मुलाला विचारला गेला आणि उत्तर मुलानेच दिले. शेजारी बसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याने ते उत्तर 'सुधारून' दिले असते, तर 'प्रजेची सेवा करण्याची संधी मिळावी या नम्र हेतूने' असे काहीतरी बाहेर पडले असते आणि दीडशे वर्षांनंतर ते कोणाच्या स्मरणातही राहिले नसते.

हाच प्रश्न आज अमेरिकेतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दर हिवाळ्यात लेखी विचारला जातो. विचारणाऱ्या असतात तेथील खासगी माध्यमिक शाळा. आपल्या संस्थेच्या कित्येक सभासदांची मुले, भाऊ, बहिणी न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे स्थायिक आहेत आणि त्यांची अपत्ये आता या वयाची झाली आहेत. 'नातवाचा निबंध आला आहे, डॉक्टर. तुमचे इंग्रजी चांगले, जरा नजर टाका,' अशी विनंती मला गेल्या काही वर्षांत अनेकदा झाली आहे. आपल्यापैकी इतरांनाही झाली असेल. अशा निबंधांपैकी पहिलाच निबंध मी माझ्या हातांनी बिघडवला. तो कसा बिघडला आणि त्यातून मी काय शिकलो, हे आपणांसमोर ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. व्यवस्थेची तोंडओळख

अमेरिकेत सार्वजनिक शाळा विनाशुल्क असतात आणि सामान्यतः राहत्या भागावरून मुलाची शाळा ठरते. खासगी शाळा शुल्क घेतात व विद्यार्थी निवडतात. त्यांत काही दिवसाच्या, काही निवासी. 'हायस्कूल' म्हणजे नववी ते बारावी. म्हणून आठवीत शिकणारी मुले शरद ऋतूत अर्जांच्या तयारीला लागतात. मॅसॅच्युसेट्समधील फिलिप्स अकॅडमी, अँडोव्हर (१७७८), न्यू हॅम्पशरमधील फिलिप्स एक्झेटर अकॅडमी (१७८१) व न्यू जर्सीमधील लॉरेन्सव्हिल स्कूल (१८१०) ही जुन्या निवासी शाळांची ठळक उदाहरणे. अशा शाळांचे वार्षिक शुल्क आज सत्तर हजार डॉलर्सच्या घरात वा त्याहूनही पुढे गेले आहे. मात्र गरजेनुसार आर्थिक साहाय्य देण्याची पद्धतही तेथे आहे, हे पालकांनी विसरू नये. अनेक निवासी शाळांच्या अर्जांची मुदत १५ जानेवारीच्या सुमारास संपते, १० मार्चला निर्णय कळतो आणि १० एप्रिलपर्यंत होकार द्यावा लागतो. दिवसाच्या शाळांच्या तारखा शहरागणिक निराळ्या असतात.

आपल्याकडच्यासारखी एका परीक्षेच्या गुणांवर उभी राहिलेली गुणवत्ता यादी येथे नसते. मुलाची एक फाइल तयार होते. तिच्यात आधीच्या वर्गांचे प्रगतिपत्रक, बहुधा इंग्रजी व गणिताच्या शिक्षकांची शिफारसपत्रे, मुलाखतीची टिपणे, पालकांचे निवेदन आणि मुलाचे निबंध असतात. 'एसएसएटी' किंवा 'आयएसईई' या परीक्षांचे गुणही असतात, परंतु २०२० नंतर बऱ्याच शाळांनी त्या ऐच्छिक केल्या आहेत. बहुतेक अर्जांत एक मुख्य निबंध असतो आणि त्याखेरीज प्रत्येक शाळा आपापले दोन-तीन प्रश्न जोडते. या जोड-प्रश्नांच्या उत्तरांना आपण पुरवणी निबंध म्हणू. लांबी बहुधा दीडशे ते तीनशे शब्द. कधी केवळ दोन ओळी. एक मूल पाच शाळांना अर्ज करत असेल, तर दहा-बारा छोटी उत्तरे लिहावी लागतात.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. एसएसएटीमध्ये पंचवीस मिनिटांचा आणि आयएसईईमध्ये तीस मिनिटांचा लेखनाचा भाग असतो. त्याला गुण दिले जात नाहीत, पण ते लेखन जसेच्या तसे शाळांकडे पाठवले जाते. काही शाळा वर्गात लिहिलेला व शिक्षकांनी तपासलेला निबंधही मागवतात. म्हणजे मुलाने कोणाच्याही मदतीविना लिहिलेला मजकूर निवड करणाऱ्याच्या टेबलावर असतो आणि घरून आलेला निबंधही त्याच टेबलावर असतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की, काकांची भाषा कोठे सुरू झाली ते ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

२. पुरवणी प्रश्न नेमके काय विचारतात?

प्रश्नांचे शब्द बदलतात, परंतु गाभा चार-पाच प्रकारांचाच असतो.

*'आमचीच शाळा का?'* येथे बहुतेक मुले शाळेच्या माहितीपुस्तिकेतील वाक्ये शाळेलाच परत पाठवतात. उदाहरण घ्यावयाचे तर एक्झेटरला १९३० साली एडवर्ड हार्कनेस यांनी मोठी देणगी दिली आणि तेथे लंबवर्तुळाकार टेबलाभोवती सुमारे बारा विद्यार्थी व शिक्षक बसून चर्चेतून शिकण्याची पद्धत रुजली. 'मला ही पद्धत फार आवडते' या वाक्यातून शाळेला काहीच कळत नाही. 'वर्गात मी सर्वांच्या आधी बोलतो आणि मग दुसऱ्याचे ऐकायचे राहून जाते. बारा जणांच्या टेबलाशी मला थांबायला शिकायचे आहे,' असे एखाद्या मुलाने लिहिले, तर शाळाही कळली आणि मूलही कळले.

*'तुला मनापासून आवडणारी गोष्ट कोणती?'* येथे पदकांची यादी अपेक्षित नसते, कारण ती अर्जात अन्यत्र दिलेलीच असते. मूल कोणत्या गोष्टीत स्वतःहून वेळ विसरते, ते पाहावयाचे असते.

*'एखादी अडचण वा अपयश सांग.'* तेरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात महासंकट असावेच अशी कोणाचीही अपेक्षा नाही. अडचण लहान चालेल, पण ती खरी असावी.

*'तुझे विचार बदलणारा प्रसंग'* आणि *'तू आमच्या समूहात काय आणशील?'* हे उरलेले दोन. यांतील पहिल्याने माझी फजिती केली.

३. माझा अनुभव

डिसेंबर २०२३ मध्ये मी न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे गेलो होतो. पुतणी आठवीत होती. पाच शाळा, अकरा निबंध आणि पंधरा जानेवारीची मुदत. घरात बोर्डाच्या परीक्षेचे वातावरण होते. विचार बदलणाऱ्या प्रसंगाविषयी तिने जो कच्चा मजकूर लिहिला होता, त्याचा विषय होता बडोद्यातील माझा दवाखाना. जुलै २०२२ मध्ये ती येथे आली असता आठवडाभर माझ्याबरोबर दवाखान्यात येत असे. वजनकाट्याशेजारी स्टुलावर बसायचे आणि बाळांची वजने वहीत लिहायची, हे तिचे काम. तिच्या मजकुरात काट्याचा हलणारा आकडा होता, पंख्याचा आवाज होता, बाळाचे झबले काढताना आयांची होणारी लगबग होती. आणि मग तो मजकूर एकाएकी थांबला होता. शेवटच नव्हता त्याला.

"भाऊजी, यात काही विशेष दिसत नाही हो," भावजय काळजीने म्हणाली. मलाही तसेच वाटले. मी पेन्सिल हाती घेतली. विकसनशील देश घातला, कुपोषण घातले, गरीब मातांचे डोळे घातले, शेवटी रुग्णसेवेचा संकल्प घातला. मोजून अडीचशे शब्द झाले. "दादा, तू डॉक्टर झाला नसतास तर लेखक झाला असतास," भाऊ म्हणाला. मी सुखावलो, हे कबूल केले पाहिजे.

दोन दिवसांनी मुलाखतीचा सराव म्हणून मी तिला विचारले, "त्या दवाखान्यात तू काय शिकलीस?" तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने आईकडे पाहिले.

हा दृष्टिक्षेप आपल्यापैकी प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या परिचयाचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला 'कोठे दुखते बाळ?' असे विचारावे आणि त्याने उत्तरासाठी आईचे तोंड शोधावे. अशा वेळी आपण आईला हसत थांबवतो आणि मुलाला पुन्हा विचारतो, कारण आईने सांगितलेले दुखणे आणि मुलाचे दुखणे नेहमी एकच नसते. सत्तावीस वर्षे मी हे करत आलो आहे. पण निबंधाच्या बाबतीत मीच त्या आईच्या खुर्चीत जाऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती भांडी धूत होती आणि मी पुसत होतो. कागद, पेन्सिल काही नव्हते. मी म्हटले, "निबंध राहू दे. त्या आठवड्यातले तुला खरे काय आठवते?" बराच वेळ नळाचाच आवाज. मग ती तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही रागावणार नाही ना?"

तिने सांगितले ते असे. इंजेक्शन देण्यापूर्वी मी प्रत्येक मुलाला सांगत असे, "जराय नहीं दुखे." पहिले दोन दिवस ती शेजारी खुळखुळा घेऊन उभी राही आणि माझ्या म्हणण्याला मान डोलावी. तिसऱ्या दिवशी पाचेक वर्षांचा एक मुलगा आला. त्याने तिच्याकडे पाहून खात्री करून घेतली आणि मग हात पुढे केला. सुई टोचल्यावर तो रडला, पण रडताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही, तिच्याकडे पाहिले. "तुम्ही त्याला डॉक्टर होतात. मी त्याची फ्रेंड होते," ती म्हणाली. त्यानंतर तिने वजनकाट्याजवळच बसायचे ठरवले. तिला आकड्यांची आवड लागली, असे समजून मी तेव्हा कौतुक केले होते.

तिचा निबंध एकाएकी का थांबला होता, ते मला त्या क्षणी कळले. जेथून तो खरा होऊ लागणार होता, तेथेच ती थांबली होती, कारण तो काका वाचणार होते.

मला राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. आधी वाईट वाटले, मग थोडा राग आला आणि नंतर लाज वाटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाच्या वेळची वेदना कमी करण्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात खोटा दिलासा देणारी, अविश्वास वाढवणारी भाषा टाळावी, तटस्थ शब्द वापरावेत, असे स्पष्ट सांगितले आहे. मी ते वाचले होते. त्यावर एकदा विद्यार्थ्यांसमोर बोललोही होतो. पण जिभेची सवय वाचनाने सुटत नाही.

"लिही," मी तिला म्हटले, "आणि मला दाखवू नकोस." तिने ते दोन संध्याकाळी बसून लिहिले. तिच्या शाळेतील इंग्रजीच्या बाईंनी दोन ठिकाणी 'येथे काय म्हणायचे आहे?' एवढेच विचारले. मी तो निबंध फेब्रुवारीत, अर्ज गेल्यानंतर, तिच्या परवानगीने वाचला. त्यात कुपोषण नव्हते, संकल्प नव्हता, माझा निषेधही नव्हता. तो मुलगा आपल्याकडे का पाहत होता, एवढ्याच प्रश्नाभोवती ती फिरली होती. एक व्याकरणाची चूकही होती.

१० मार्च २०२४ रोजी एका शाळेचा होकार आला, दोन शाळांनी प्रतीक्षायादीत ठेवले, दोघींनी नकार दिला. यातील काय निबंधामुळे झाले, हे कोणीही सांगू शकणार नाही आणि मी तसा दावाही करत नाही. परंतु मुलाखतीत त्या प्रसंगाविषयी विचारले असता ती आईकडे न पाहता बोलली, असे भावजयीने मला फोनवर सांगितले.

४. तेराव्या वर्षाचे मन

पियाजेच्या मांडणीनुसार अमूर्त विचार करण्याची क्षमता अकरा-बारा वर्षांच्या सुमारास उमलू लागते. 'उमलू लागते' हे शब्द महत्त्वाचे. या वयाचे मूल 'न्याय', 'विश्वास' अशा कल्पनांना हात घालू लागते, पण तेथे पोहोचते ते वस्तूंच्या आणि प्रसंगांच्या पायऱ्यांनी. म्हणून त्याच्या खऱ्या लेखनात खुळखुळा असतो, पंखा असतो आणि निष्कर्ष अर्धवट असतो. आपण मोठी माणसे नेमके तेच खोडतो व 'सहानुभूती', 'नेतृत्व' अशी नामे घालतो.

दुसरी गोष्ट डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली मांडली. किशोरवयीन मुलाला सतत वाटत असते की, आपण एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर उभे आहोत आणि सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. प्रवेश-निबंधात हा प्रेक्षकवर्ग काल्पनिक राहत नाही. शाळा असते, आई असते, बाबा असतात आणि भारतातून आलेले काकाही असतात. इतक्या डोळ्यांसमोर मूल सुरक्षित तेच लिहिते.

त्यात आपल्या पिढीचा निबंधाविषयीचा संस्कार निराळा. 'पावसाळ्यातील एक दिवस' आपण ऊन पडलेले असतानाही गाइडमधून पाठ करून लिहिला. आरंभी सुभाषित, मध्ये वर्णन, शेवटी बोध. त्या साच्याला गुण मिळत. या शाळांना तो साचा नको असतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तसा गुळगुळीत निबंध क्षणार्धात तयार होतो. मग आपण वडीलधाऱ्यांनी रात्र जागवून तेच करण्यात काय हशील?

५. निबंधासाठी मदत : हिस्टरी घ्यावी, प्रिस्क्रिप्शन लिहू नये

मग आपण काहीच करायचे नाही का? करायचे आहे, आणि ते आपल्याला येते. विद्यार्थिदशेत आपल्याला शिकवले होते की, मुख्य तक्रार रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहावी, तेथे आपले निदान लिहू नये. तोच नियम येथे लावावा. माझ्या अनुभवातून पुढील पायऱ्या सुचवतो.

१) *प्रथम बोलणे, नंतर कागद.* किशोरवयीनांची हिस्टरी घेण्यासाठी गोल्डनरिंग व कोहेन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेली 'हेड्स' पद्धत आपल्या परिचयाची आहे. तिचा आरंभ घर, शाळा, आवडीनिवडी अशा सोप्या विषयांनी होतो आणि मग हळूहळू नाजूक विषयांकडे जाता येते. पहिल्या बैठकीत निबंधाचा प्रश्न वाचूही नये. चालताना, भांडी पुसताना, गाडीत, म्हणजे जेथे डोळ्याला डोळा भिडत नाही तेथे, या वयाची मुले अधिक बोलतात.

२) *सुचवणारे प्रश्न टाळावेत.* 'मग तुला त्यांची दया आली असेल ना?' हा प्रश्न नव्हे, उत्तरच आहे. 'मग काय झाले?' आणि 'तेव्हा तू कोठे उभा होतास?' हे दोन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात.

३) *शांतता सहन करावी.* ओपीडीत आपल्याला घाई असते, येथे नसावी.

४) *मुलाचे शब्द टिपून ठेवावेत आणि त्यालाच परत द्यावेत.* 'तू आत्ता फ्रेंड हा शब्द वापरलास, तो लिहून ठेव,' एवढेच सांगावे. तो शब्द बदलू नये.

५) *कच्चा मजकूर मोठ्याने वाचायला लावावा.* जेथे मूल अडखळते, तो शब्द बहुधा त्याचा नसतो.

६) *समासात फक्त प्रश्न लिहावेत, वाक्ये लिहू नयेत.* 'हे कळले नाही', 'येथे आणखी सांग', 'हे खरे आहे का?' एवढीच आपली लेखणी. शुद्धलेखनाच्या चुका दाखवाव्यात, दुरुस्ती त्यानेच करावी.

७) *न वाचण्याची तयारी ठेवावी.* काही निबंध आपण वाचले नाहीत तरच लिहिले जातात. अशा वेळी शिक्षकांसारखी एखादी तटस्थ, विश्वासाची व्यक्ती सुचवावी.

८) *वेळापत्रक मात्र आपण सांभाळावे.* ऑक्टोबरमध्ये आरंभ, आठवड्याला एक-दोन उत्तरे, नाताळच्या सुट्टीपूर्वी कच्चे मसुदे पूर्ण. मध्यरात्रीच्या घाईत मुलाची भाषा आधी थकते आणि मग आपली भाषा तिची जागा घेते. या काळात झोप मोडणे, सकाळी पोट दुखणे, चिडचिड अशी लक्षणे दिसली, तर शाळांची संख्या कमी करावी.

६. पालकांचे निवेदन

अनेक शाळा पालकांनाही आपल्या पाल्याविषयी लिहावयास सांगतात. येथे आपली पिढी दोन टोकांना जाते : एक तर मूल सर्वगुणसंपन्न असते, नाही तर विनयाच्या भरात त्याच्याविषयी काहीच लिहिलेले नसते. मी भावाला एवढेच सुचवले की, आपण केसपेपर लिहितो तसे लिही. काय दिसते ते लिही, निष्कर्ष वाचणाऱ्यावर सोड. 'ती संवेदनशील आहे' असे लिहिण्याऐवजी कोणत्या प्रसंगी ती काय करते ते लिहावे. एखादी खरी उणीव लिहिण्यासही कचरू नये. मुलाला अभ्यासात वा वागणुकीत काही साहाय्य लागत असेल, तर ते आधी सांगण्यात मुलाचेच हित आहे. दमा असलेल्या मुलाची माहिती लपवून त्याला सहलीला पाठवावे, तसे ते होऊ नये.

७. 'भारत' हा विषय

शेवटी आपल्याशी थेट संबंधित एक मुद्दा. तिकडच्या मराठी मुलांना आणि त्यांच्या पालकांना वाटते की, भारत हा हमखास गुण मिळवून देणारा विषय आहे. आजीचे मोदक, भरतनाट्यम्‌, गणेशोत्सव आणि सुट्टीत पाहिलेली गरिबी. यातील कोणताही विषय वर्ज्य नाही. परंतु 'मला माझ्या संस्कृतीचा अभिमान आहे' हे वाक्य कोणीही लिहू शकते. आजीने केलेल्या मोदकाच्या कळ्या आपल्याला का जमल्या नाहीत आणि त्यावर आजी काय म्हणाली, हे त्या मुलालाच माहीत असते.

गरिबीविषयी मला अधिक कळकळीने सांगावयाचे आहे. दोन आठवडे येथे येऊन 'या मुलांना पाहून मला माझ्या भाग्याची जाणीव झाली' असे लिहिणारा निबंध वाचला की, माझ्या दवाखान्यातील बाके डोळ्यांसमोर येतात. त्या बाकांवर बसलेली माणसे कोणाला जाणीव करून देण्यासाठी तेथे बसलेली नसतात, ती ताप उतरावा म्हणून बसलेली असतात. मी स्वतः माझ्याच रुग्णांना पुतणीच्या निबंधात असे उभे केले होते. तिच्या स्वतःच्या निबंधात मात्र त्यांतील एक मुलगा होता, त्याचा विश्वास होता आणि तिला द्यावयाचे राहिलेले एक उत्तर होते.

उपसंहार

पुतणी सप्टेंबर २०२४ पासून घराजवळच्या एका दिवसाच्या शाळेत जाऊ लागली. इकडे माझ्या दवाखान्यात मी 'जराय नहीं दुखे' म्हणणे सोडले आहे. 'थोडुं लागशे,' असे सांगतो आणि मुलाला आईच्या मांडीवर बसवून घेतो. आरंभी आमच्या सिस्टर हसल्या. सवय जुनी असल्याने घाईच्या दिवशी अजूनही तोंडून चुकीचे वाक्य निघते, मग दुरुस्त करतो. रडणे काही थांबलेले नाही. पण पुढच्या डोसाला तेच मूल दारातून आत येताना माझ्या तोंडाकडे पाहते, तेव्हा मला थोडे कमी अवघडल्यासारखे वाटते.

सुज्ञ वाचकहो, येत्या हिवाळ्यात आपल्यापैकी कोणाकडे तरी सातासमुद्रापलीकडून एक निबंध येईल आणि सोबत 'जरा नजर टाका' अशी विनंती येईल. नजर अवश्य टाकावी. पण पेन्सिल उचलण्यापूर्वी त्या मुलाला फोन लावावा, थोड्या अवांतर गप्पा माराव्यात आणि मग विचारावे, 'हे राहू दे, तुला खरे काय आठवते?' उत्तर येईपर्यंत थांबावे. फोनवर शेजारून आईचा आवाज आला, तर तिला प्रेमाने सांगावे की, प्रश्न मुलाला विचारला आहे.